चहाला न थांबता दोनशे किलोमीटर

मी सायकल चालवते ती माणसांपासून लांब जायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी चिडचिड दिसली तर नवल वाटायला नको. माहेर नाशिकच्या पंचवटीतलं, भटजींचं, त्यामुळे जन्मापासून घरात यजमानांची वर्दळ. आता कॉलेज रोडला टॅक्सचं ऑफिस आहे, तिथे क्लायंटांची. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं तेव्हा चालताना ओळखीचे भेटतात म्हणून मी सायकल घेतली. सायकलवरच्या माणसाला कुणी थांबवत नाही असा माझा समज होता. मनीषाताई देवरे भेटेपर्यंत तो टिकला.

मनीषाताईंचं सातपूरला पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक मशीन, धाग्यांच्या रिळांची भिंत आणि समोर दोन स्टुलं. त्या स्टुलांवर कायम कुणीतरी बसलेलं असतं आणि त्यातल्या निम्म्यांचं साडीशी काहीही काम नसतं. नवरा महेश एमआयडीसीत एका कंपनीत आहे, मुलगी सायली पुण्याला शिकायला गेली. जाताना ती सायकल मागे ठेवून गेली आणि या बाईंनी पंचेचाळिशीत, पडत-धडपडत, त्या सायकलवर शिकून घेतलं. पुढे आमच्या सायकल ग्रुपमध्ये आल्या. पंजाबी ड्रेस, त्यावर हेल्मेट आणि दोन्ही हातांत कोपराच्या दिशेने सरकवलेल्या हिरव्या बांगड्या.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला गाठलं.

"मॅडम, तुम्ही सायकलवर कुठवर जाता?"

"ओझरपर्यंत."

"कोणाकडं?"

"कोणाकडे नाही. जाते आणि परत येते."

माझं जगात कुणीच उरलेलं नाही अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून गुळाच्या पोळीचा तुकडा काढून दिला आणि तेव्हापासून मला त्यांनी आपली मानली. माझं मत त्यांनी विचारलं नाही.

त्यांना 'बीआरएम' करायची होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही शर्यत नाही, पहिलं-दुसरं कुणी येत नाही. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, बस. एक कार्ड मिळतं, त्यावर ठरलेल्या ठिकाणी शिक्के घ्यायचे. वेळेत आलात तर तुम्ही केली, नाही तर नाही केली. मनीषाताईंना त्यातलं हेच आवडलं होतं.

"माझं सगळं अर्ध्यावरचं हाय मॅडम," त्यांनी मला एकदा हसत हसत सांगितलं. "बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं. टायपिंग अर्धं. पार्लरचा कोर्स अर्धा. गाडी शिकायला लागले तर क्लासवालाच क्लास बंद करून गावाला गेला. सासरी डाळ कच्ची राहिली तरी विचारतात, मनीषानं लावली का म्हणून. आता दोनशे म्हणजे दोनशे. एकशेनव्वद झाले तर कोणी झालं म्हणणार नाय. मला असंच कायतरी पुरं करायचंय."

हसत होत्या, पण हसण्याच्या शेवटी डोळे हसायचे थांबले होते. ते माझ्या लक्षात आलं आणि मी लगेच सायकलच्या चेनकडे बघायला लागले. असल्या वेळी काय बोलायचं ते मला सुचत नाही.

सराव मात्र जमेना. ग्रुपने त्यांना रीतसर तक्ता दिला होता, या आठवड्यात चाळीस, पुढच्यात साठ. त्या पहाटे उठायच्या, बाटली भरायच्या, निघायच्या आणि शहराच्या वेशीवरच्या आडगावच्या पुढे गेल्या की परत फिरायच्या. पायांना काही झालेलं नसायचं.

"नुसतंच जायचं आणि नुसतंच यायचं, हे माझ्यानं होत नाय. बोलायला कोणी नाय, दिसायला ट्रक. मनात येतं, मी हितं काय करतीये?"

मला तर तेच हवं असायचं. मी त्यांना हेडफोनचा सल्ला दिला, मोबाइलमध्ये आकडे कसे बघायचे ते दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी स्वतःची युक्ती काढली. सिन्नरला नणंद राहते, म्हणजे तीस किलोमीटर. लासलगावला मावशी, कांद्याच्या मार्केटमागे, म्हणजे साठ. चांदवडला चुलत बहीण गोदावरी. त्याच्या पुढे देवळ्याला गेणूमामा, त्याच्याही पुढे सटाण्याला मोठी बहीण. नातं जितकं लांब राहायला, तितका सराव लांबचा. सगळ्यांच्या पलीकडे नामपूर, म्हणजे माहेर, तिथे आई साळूबाई आणि भाऊ रविराज.

आणि ती बाई निघाली की. जी आडगावला माघारी फिरत होती ती लासलगावला पोचली, कारण मावशीच्या गुडघ्याचं काय झालं ते तिला समोर बसून ऐकायचं होतं. चांदवडला गेली, कारण गोदावरीने नवीन किचन ओटा केला होता. मी बरोबर जायला लागले. एकदा सोबत म्हणून गेले आणि मग सवय लागली. रस्ताभर पुढे कोण भेटणार, त्याचं कुणाशी पटत नाही आणि का, हे सगळं मला कळत जायचं, आणि वीस-वीस किलोमीटर कधी मागे पडले ते कळायचं नाही.

परतीचा त्रास वेगळा. सवाष्ण घरी आली तर ओटी भरल्याशिवाय ती लोकं सोडत नाहीत, आणि ती सायकलवर आली आहे ही सबब कुणाला मान्य नाही. कुंकू, तांदूळ, ब्लाउजपीस आणि नारळ. मलाही. लासलगावहून येताना माझ्या बाटलीच्या स्टँडमध्ये बाटलीऐवजी नारळ होता. पिंपळगावच्या टोलनाक्यापाशी ग्रुपमधला एकजण भेटला. त्याने नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पुढे गेला.

डिसेंबरात बीआरएमचा रस्ता जाहीर झाला. नाशिकहून चांदवड, देवळा, सटाणा, आणि नामपूरच्या दहाएक किलोमीटर अलीकडे एका ढाब्यावरून परत. मनीषाताईंना स्वर्ग दोन बोटं उरला. अख्खा रस्ता त्यांचाच होता. मला वाटेतली सगळी चहाची घरं दिसायला लागली, पण मी बोलले नाही. बोलायला हवं होतं असंही नाही, कारण त्यांनी ऐकलंच नसतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सहाला निघालो. आपण त्या रस्त्याने जाणार हे त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं. चांदवडला गोदावरी रस्त्यावरच ताट घेऊन उभी. "दोन मिनिटं बस," म्हणाली. देवळ्याला गेणूमामा, टोपी सावरत मधोमध रस्त्यात. "बस व पोरी, घोटभर चहा ले." मामांना नाही कसं म्हणणार? सटाण्याला बहिणीने पोहे केलेले. ढाब्याच्या अलीकडे रविराजच्या सासऱ्यांचा मळा आहे, तिथल्या आतल्या खोलीत आईला आणून बसवलं होतं. ओटीचं ताट तयार, पण आईला स्वतःच्या हातची भाकरी वाढायची होती आणि तवा अजून तापायचा होता. मी दारात उभी राहून घड्याळ बघत होते. मनीषाताई आईच्या पायाशी बसल्या होत्या आणि आईचा हात त्यांच्या डोक्यावर होता. उठा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. परतताना तीच घरं, तोच चहा, कारण जाताना एका घरी थांबलात आणि येताना नाही, तर ते लक्षात ठेवलं जातं.

पाव तास उशीर झाला. मी त्यांच्याबरोबरच होते, त्यामुळे माझाही. शेवटच्या शिक्क्याच्या टेबलामागच्या मुलीने फार वाईट वाटून सांगितलं की वेळ संपली. वाटेत बाहेरची मदत घ्यायची नाही असाही नियम आहे, आणि चहा मदतीत मोडतो का यावर नंतर ग्रुपमध्ये आठवडाभर वाद चालला. मनीषाताई कुणाशी वाद घालायला नव्हत्या. "राहिलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि महेशच्या मोटरसायकलवर मागे बसून घरी गेल्या. सायकल मी नेऊन पोचवली.

पुढचे तीन रविवार त्या आल्या नाहीत. मी एकटी ओझरला निघाले. शांत रस्ता, कुणी बोलायला नाही, अगदी मला हवं तसं. आडगावच्या पुढे गेले आणि परत फिरले. मला स्वतःचाच राग आला. घरातल्या एका बऱ्या साडीचं फॉल उसवलं आणि दुकानात गेले.

मशीन चालू होतं. स्टुलावर त्या दिवशी कुणी नव्हतं.

"सायकल कुठे आहे?" मी विचारलं.

"गच्चीवर. झाकून ठेवलीये." त्यांनी माझी साडी उलटीसुलटी केली. "हे फॉल मुद्दाम उसवलंय आभाताई. मला काय कळत नाय का?"

मॅडमवरून त्या ताईवर कधी आल्या ते मला तेव्हाच जाणवलं. मग त्या बोलायला लागल्या. आईचा फोन आला होता. उशीर नेमका किती झाला ते रविराजने सांगितलं आणि भाकरीला किती वेळ लागला होता ते आईला ठाऊक होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी आईचं मोठं ऑपरेशन झालं होतं, मनीषाताई परीक्षा सोडून घरी राहिल्या, आणि मग स्थळ आलं. आई फोनवर म्हणाली, तुझं दोन वेळा अर्ध्यावर राहिलं आणि दोन्ही वेळा माझ्यापायी.

"मी कधी तसं मनात पण आणलं नव्हतं," मनीषाताई म्हणाल्या. "आणि ती पंचवीस वर्षं ते घेऊन बसली होती. आता सायकलचं नाव काढलं की रडते. मी पुन्हा गेले आणि पुन्हा राहिलं तर ती काय धरून बसेल सांगा. आणि नाय गेले तर हे असंच राहणार."

मला बोलता येत नाही हे मी सांगितलंच आहे. मी मोबाइल काढला. फेब्रुवारीत तोच रस्ता पुन्हा होता, दोघींची नावं तिथल्या तिथे भरून टाकली आणि म्हटलं, "फॅमिली ग्रुपवर लिहा, या वेळी कुणी थांबवू नका."

त्यांनी मशीनवरचा हात काढून कपाळाला लावला. "चहा देऊ नका, असं लिहू? गेणूमामांना? सायकल आल्यापासून पोरगी माजली म्हणतील. लग्नाकार्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाय." मी नम्र भाषेत मजकूर करून दिला. तो वाचून त्या म्हणाल्या की ही इन्कम टॅक्सची नोटीस वाटते. शेवटी एवढंच ठरलं की पुन्हा जातेय आणि वाटेत थांबता येणार नाही, हे त्या आईला खरं सांगतील, बाकी कुणाला काही कळवायचं नाही, आणि रस्त्यात कुणी दिसलं तर बघू.

सराव पुन्हा सुरू झाला. आता नातेवाइकांकडे जायचं नाही असं मी बजावलं होतं. एक रविवार त्यांनी पाळलं, पण सायकल ओढत असल्यासारखी चालवली. दुसऱ्या रविवारी मीच म्हटलं, "चला, सिन्नरला. नणंदबाई काय म्हणतात ते तरी बघू." तिसऱ्या रविवारी चांदवड. सरावात चहा, परीक्षेत नाही, असा आमचा करार झाला. नारळ मात्र मी घरी नेईनाशी झाले, कारण घरात आधीचेच पडून होते.

फेब्रुवारीतली ती सकाळ. चांदवड जवळ आलं तसा मनीषाताईंचा वेग कमी झाला. गोदावरीचं घर रस्त्याला लागूनच आहे. मी मान पुढे काढून बघितलं. गोदावरी उभी होती. पण आमच्याकडे पाठ करून. घराच्या भिंतीकडे तोंड, हाताची घडी, डोक्यावर पदर.

"रागावली," मनीषाताई म्हणाल्या. "आईनं तिला कायतरी सांगितलं."

थांबायला लागल्या तर मी ओरडले, "चला आधी." गोदावरी भिंतीकडे बघतच होती. आम्ही पुढे गेल्यावर मी वळून पाहिलं, तर तिने हळूच एक डोळा आमच्या दिशेने केला होता. तो तिने लगेच मिटला.

देवळ्याला काय ते कळलं. गेणूमामा, मामी, त्यांचे दोन मुलगे, सुना, शेजारपाजारचे, अशी दहा-बारा माणसं रस्त्याच्या कडेला एका रांगेत उभी, सगळी पाठमोरी, सगळी समोरच्या कांद्याच्या शेताकडे बघत. शेतात कांद्यांशिवाय काही नव्हतं. एका टेम्पोवाल्याने गाडी थांबवली होती, तोही खाली उतरून त्यांच्या शेजारी उभा राहून कांदे बघत होता. "काय हाय तिकडं?" त्याने विचारलं.

"काही नही," गेणूमामा मान न वळवता म्हणाले. "आमनी पोर मांगून चालनी. आम्ही तिले देखं नही."

मनीषाताई इतक्या हसल्या की सायकल नागमोडी जायला लागली. हा निकाल मनीषाताईंच्या आईने, साळूबाईंनी दिला होता, हे नंतर कळलं. माणूस दारावरून जाताना दिसलं तर चहाला थांबवावंच लागतं, त्यातून कुणाची सुटका नाही. तेव्हा बघायचंच नाही. न दिसलेल्या माणसाला थांबवायचं कसं? आणि घरात बसायलाही कुणी तयार नव्हतं. पोर आपल्या दारावरून जाणार आणि आपण रस्त्यावर नसायचं, हेही त्यांना जमणारं नव्हतं.

सटाण्याला बहिणीचं कुटुंब एका बंद शटरकडे तोंड करून उभं होतं. त्यांच्यामागून आम्ही गेलो तेव्हा मनीषाताईंनी घंटी वाजवली आणि सगळ्या पाठी एकदम हलल्या. मला माणसं फारशी आवडत नाहीत, पण त्या पाठी मला फार आवडल्या.

मळा आला. फाटकाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर साळूबाई बसल्या होत्या. नऊवारी, डोक्यावरून पदर, पाठ रस्त्याकडे. शेजारी रविराज, तोही पाठमोरा. मनीषाताईंनी पेडल मारायचं थांबवलं, सायकल आपसूक हळू झाली. मला पुन्हा आतली ती खोली आठवली.

"माय," त्यांनी हाक मारली.

खुर्चीतली पाठ ताठ झाली. डोकं वळलं नाही. एक हात मागे आला आणि म्हशीला हाकलावं तसा दोनदा हलला. "जाय," एवढंच ऐकू आलं.

मनीषाताई गेल्या. डोळे पुसायला हात सोडता येत नव्हता, म्हणून खांद्याला गाल पुसत गेल्या. ढाब्यावर शिक्का घेतला, केळी खाल्ली, परत फिरलो. पुन्हा तीच खुर्ची आणि तीच पाठ. या वेळी त्या न थांबता पुढे गेल्या.

येताना समोरून वारा होता. भावडबारीच्या घाटात माझ्या मांडीत गोळा आला आणि मी सायकलवरून उतरले. म्हटलं, तुम्ही जा. त्या गेल्या नाहीत. बाजूने चालत त्यांनी मला गेणूमामांच्या दुसऱ्या सुनेचं आणि तिच्या माहेरच्या ट्रॅक्टरचं सगळं प्रकरण सांगितलं. ते संपायच्या आत घाट संपला. ट्रॅक्टर कुणाकडे राहिला ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आम्ही वेळेत पोचलो, आणि बऱ्यापैकी वेळ हातात राखून. त्याच मुलीने कार्डावर शिक्का मारला. महेश आला होता. त्याने ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट वाचलं आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. मनीषाताईंनी आईला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला.

"पुरं झायं का?" साळूबाईंनी विचारलं.

"झालं, माय. सगळं झालं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग साळूबाई म्हणाल्या, "मी ते वळीसनी देखंच नही. तू सायकलवर कशी दिसस व?"

मागच्या खेपेला आई आतल्या खोलीत होती. त्याआधी नामपूरपर्यंत सराव कधी गेलाच नव्हता. आपल्या मुलीला सायकल चालवताना त्या बाईने एकदाही पाहिलेलं नव्हतं, आणि या वेळी समोर संधी असताना ती तिने सोडून दिली होती.

पुढच्या रविवारी आम्ही नामपूरला गेलो. सायकली टेम्पोत टाकून नेल्या, कारण माझी मांडी अजून बरी नव्हती. साळूबाईंना ओट्यावर खुर्ची टाकून दिली. मनीषाताईंनी हेल्मेट घातलं, बांगड्या वर सरकवल्या आणि घरासमोरच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल चालवून दाखवली. शेजारच्या बाया दारात आल्या. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. ऊन तापलं होतं. आत चहा उकळून गेला म्हणून रविराजची बायको दोनदा सांगून गेली. साळूबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून त्या पुढे वाकल्या होत्या, आणि मुलगी वळून समोर आली की प्रत्येक वेळी तिला आणखी एका फेरीला पाठवत म्हणत होत्या, "आखो एक."